दुधनीहून आलेली गिटार

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की मी दुकानात बसत नाही, नुसती हिंडते. दुकान दहा बाय वीसचं, त्यामुळे हिंडायला अशी जागा नाहीच. तरी दारापासून मागच्या खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पुन्हा दारापर्यंत माझ्या फेऱ्या चालू राहतात. सोलापूरचा उन्हाळा माणसांना आडवं करतो, मला मात्र उठवून उभं करतो. भिंतीवर टांगलेल्या वीस-बावीस जुन्या गिटारींपैकी कुठली आत्ता, या मिनिटाला, तडकत असेल, या विचाराने जीव थाऱ्यावर राहत नाही. लाकूड तडकताना मोठा आवाज होत नाही. कुणी बोट मोडावं तसा बारीक, कोरडा आवाज होतो. मिलचा भोंगा चालू असेल तर तो ऐकूही येत नाही. संध्याकाळी गिटार हातात घ्यावी तर पोटावर केसासारखी रेघ दिसते.

म्हणून कपाटांत पाण्याने भरलेले मातीचे परळ ठेवायचे. खिडकीला ओलं गोणपाट लावायचं. बाराच्या सुमाराला प्रत्येक गिटारच्या तारा थोड्या सैल करायच्या आणि ऊन उतरलं की पुन्हा आवळायच्या. हे सगळं काम अप्पांचं, माझ्या वडिलांचं. आता ते मी करते. आणि दर वर्षी परळ भरताना मला तीन वर्षांमागचा उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे काय, तो गेलेलाच नाही. एप्रिल आला की तो दुकानात येऊन उभा राहतो आणि मला बसू देत नाही.

आमचे आज्जा हातमागावर आडवा धागा नेणारे लाकडी धोटे बनवत. लाकूड कुठलं, किती मुरलंय हे अप्पांनी लहानपणी टिचकी मारून, कानाने शिकून घेतलं. पुढे कारखान्यातून धोटे येऊ लागले आणि आमच्या दुकानात नुसता भुसा उरला. तेव्हा रेल्वे लाइन्समधला, म्हणजे रेल्वेच्या वसाहतीतला, एक अँग्लो-इंडियन गार्ड मान मोडलेली गिटार घेऊन आला. अप्पांनी त्याआधी गिटार जवळून पाहिलीही नव्हती. त्यांनी ती लाकूड म्हणून पाहिली आणि जोडून दिली. मग दुसरी आली, तिसरी आली. काही वर्षांनी रेल्वेतली तशी कुटुंबं एकेक करून परदेशी जायला निघाली, सामान विकू लागली. लोक त्यांची कपाटं, आरसे, पलंग घ्यायला धावले. अप्पांनी गिटारी घेतल्या. आता पुण्या-मुंबईहून वाद्यवृंदवाले आमच्याकडे येतात, कारण बाहेरची नवी गिटार या देशात मिळत नाही. मिळाली तरी ती नवी असते, आणि त्यांना हवा असतो तो आवाज नव्या गिटारला नसतो.

जुन्या गिटारची किंमत कशात असते? हे मला कितीदा तरी विचारलं गेलंय. लाकडात असते, थंड देशातल्या, सावकाश वाढलेल्या झाडाच्या लाकडात. मान सरळ राहण्यात असते. पण अप्पांचं म्हणणं, याहून मोठी गोष्ट म्हणजे ती वाजलेली असायला हवी. तीस वर्षं कपाटात पडलेली गिटार तीस वर्षांची होत नाही, ती नुसती धूळ खाते. रोज वाजवणाऱ्याच्या हाताखाली लाकूड रोज थोडं थरथरतं, आणि थरथरत थरथरत मोकळं होतं.

विकायला येणारा प्रत्येक जण ‘आमच्याकडे रोज वाजायची’ असंच सांगतो. त्यावर अप्पांची एक परीक्षा होती. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार बोटाने त्या पट्टीवर दाबायची आणि सूर काढायचा. वर्षानुवर्षं दाबून तारेखाली पट्टीला बारीक चर पडतो. अप्पा बोलणाऱ्याकडे बघत, मान हलवत आणि अंगठा फ्रेटवरून फिरवत.

“तोंड खोटं बोलतं की,” ते मला मागाहून म्हणत. “पट्टी बोलत न्हाय.”

मला हे फार आवडायचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या गल्लीत मी एकटीच. अनोळखी माणसाशी बोलायचं तर आधी मनात इंग्रजीत वाक्य तयार करायचं, मग त्याचं मराठी करायचं. तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. घरात आई कानडी बोले, दुकानात सोलापुरी मराठी, शाळेत तिसरंच. तिन्हीकडे मी गप्प. अशा मुलीला, माणसाशी न बोलता अंगठ्याने खरं-खोटं कळतं, याहून सुखाची गोष्ट कुठली? बोलायलाच नको.

त्या उन्हाळ्यात माझी बी.ए.ची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. दोन ठिकाणांहून लोक मला बघून गेले होते, त्यांचंही उत्तर यायचं होतं. अप्पा आठ दिवसांसाठी गुंटकलला गेले होते, तिथलं एक रेल्वेचं कुटुंब घर मोडत होतं म्हणून. दुकानात मी आणि नरसय्या मामा. नरसय्या मामा पूर्वी विणकर होते, मग अप्पांकडे आले. घरात तेलुगू आणि बाहेर टोमणे, एवढ्या दोन भाषा त्यांना येत. मला ते मिसबाई म्हणत.

एका दुपारी ते जेवायला गेलेले असताना एक बाई आल्या. साठीच्या, उंच, पांढरं लुगडं, पायात काळे बूट. काखेत चादरीत गुंडाळलेली गिटार. सकाळच्या पॅसेंजरने दुधनीहून आले म्हणाल्या, तिथल्या दवाखान्यात नर्स होते म्हणाल्या. आता करकंबला भाच्याकडे राहायला जायचं होतं.

“भाच्याचं घर दोन खोल्यांचं हाय. एक ट्रंक नि एक वळकटी आण म्हणालाय. मग हिला कुटं ठेवू? कुणीतरी वाजवणारा बघून द्या.”

चादर उलगडली. तारा नव्हत्या. प्रवासात उन्हाने ताणून तुटू नयेत म्हणून काढल्या, असं त्या म्हणाल्या. गिटार चांगल्या घरातली होती, ते लगेच कळत होतं. दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीण बाई मायदेशी जाताना देऊन गेल्या होत्या.

“तवापासनं मीच वाजवते. पंचवीस वर्षं झाली. रोज.”

रोज. मी अप्पांसारखी मान हलवली आणि फ्रेटवरून अंगठा फिरवला. पहिली पट्टी गुळगुळीत. पाचवी गुळगुळीत. बारावीपर्यंत कुठेही चर नाही, जणू काल ठोकलेल्या. मग मी ती उलटी करून पाहिली. पाठीवर दोन फिकट, लांबट डाग होते, पॉलिश उडालेले. ओलीत ठेवली असणार, असं मला वाटलं. गिटार पुन्हा सुलटी केली. वाक्य मनात तयार झालं आणि मी ते अगदी नम्रपणे म्हटलं.

“पण ही वाजवलेली दिसत नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या भांडतील, आणि मी काउंटरची कड धरली. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांचे सांधे सुजलेले, वाकडे झालेले. मग गिटार पुन्हा चादरीत गुंडाळली, टोकं नीट खोचली आणि उन्हात निघून गेल्या. मी त्यांना नावसुद्धा विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. अप्पा नसताना मी एक खोटं पकडलं होतं.

मग पाच दिवसांनी कुर्डुवाडीचे एक गृहस्थ आले, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. आमच्या भागात निम्म्या गिटारी हवाईयन पद्धतीने वाजतात. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, वरच्या टोकाला तारांखाली एक पट्टी सरकवून तारा उंच उचलायच्या आणि वरून पोलादाचा तुकडा फिरवायचा. त्यांनी तशी एक गिटार मांडीवर घेतली आणि वाजवू लागले. मी हे शंभरदा पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. पोलाद तारांवरून सरकत होतं, पुढे, मागे, पुन्हा पुढे. तार खाली फ्रेटला कुठेच टेकत नव्हती.

ते गृहस्थ गेल्यावर मी नरसय्या मामांना विचारलं, “मामा, अशी रोज वाजवली तर फ्रेट किती वर्षांनी घासतील?”

“शंभर वर्षं वाजीव की. तितं तारच लागत न्हाय, घासणार काय, कपाळ?” ते हसले. “एवढी इंग्लिश शिकलीस मिसबाई, आनि हे म्हाईत न्हाय?”

मग दुसरी गोष्ट आपोआप समोर आली. ते दोन डाग. ओल नव्हेच ती. एका बाईच्या दोन मांड्या. पंचवीस वर्षं गिटार तिथे टेकत होती. लुगड्याने घासून घासून पॉलिश गेलं होतं. पुरावा होता, माझ्या हातात होता, आणि मी तो पाहून पुन्हा पालथा घातला होता.

चूक ही एवढीच. तिला किती लहान म्हणावं आणि किती मोठी, ते मला त्या संध्याकाळी ठरवता येईना. एखाद्याला खोटारडं म्हणायला आवाज चढवावा लागत नाही, हे मला नवीनच कळलं होतं. त्या करकंबला गेल्या असतील तर? गिटार कुणाला खेळायला देऊन टाकली असेल तर? घरात येरझाऱ्या घालून मी आईला वैताग आणला.

“पत्र टाक की,” आई म्हणाली.

“नाव माहीत नाही.”

आईने मला कधी एकटीला अक्कलकोटलाही पाठवलं नव्हतं. सकाळी तिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि एवढंच म्हणाली, “उन्हाच्या आत परत ये.” उन्हाच्या आत येणं शक्य नव्हतं, ते तिलाही माहीत होतं.

पॅसेंजरमध्ये मी वाक्य तयार करत होते. इंग्रजीत चांगलं जमलं. मराठीत ते अर्जासारखं वाटे. बाहेर काळी रानं भेगाळलेली होती, होटगी गेलं, अक्कलकोट गेलं, आणि माझी तीच ओळ अजून खाडाखोडीत होती. दुधनीला उतरले. स्टेशनबाहेर एका टांगेवाल्याला विचारलं, दवाखान्यातल्या नर्सबाई कुठे राहतात?

“वाजवतात त्या?” तो म्हणाला.

पुढे एका दुकानात विचारलं. “कोण, गौरक्का? ते मांडीवर घेऊन वाजवतात, त्याच की?” पिंपळाखाली एक म्हातारा बसला होता. त्याने तर तोंडाने काही न सांगता मांडीवरून हात आडवा फिरवून दाखवला आणि मग गल्लीकडे बोट केलं. तीन माणसांना विचारलं, तिघांकडून मला तेच कळलं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट मी अंगठ्याने खोडून काढली होती.

गौरक्कांच्या अंगणात कडुनिंबाखाली चार-पाच बायका शेवया करत बसल्या होत्या. ओसरीवर ट्रंक भरून तयार. बाजेवर गिटार होती. तारा चढवलेल्या, वरच्या टोकाला तारांखाली लोखंडी फुटपट्टीचा तुकडा.

“दुकानातली पोरगी न्हवं का तू?” गौरक्का म्हणाल्या. “पाणी घे आधी.”

मी पाणी प्यायले. गाडीत केलेलं वाक्य दोन्ही भाषांतून गेलं.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “ती वाजवलेली आहे.”

“ते मला म्हाईत हाय की. मला कशाला सांगतीस?” त्यांनी अंगणाकडे हनुवटी केली. “यांना सांग.”

शेवया करणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. त्यांतली निंगव्वा नावाची शेजारीण म्हणाली, “अक्का गिटार घेऊन माघारी आली. इचारलं तर म्हणती, दुकानवाली म्हणती वाजवलीच न्हाय. यव्वा, म्हटलं, मग आमी पोरं मांडीवर घेऊन रोज संध्याकाळचं ऐकत होतो ते काय, पिठाची गिरणी?”

सगळ्या हसल्या. गौरक्का हसल्या नाहीत.

पाच बायकांपुढे बोलायचं. माझे कान तापले. पण तोंडातून निघालं ते कानडी निघालं, आमच्या स्वयंपाकघरातलं, आईशी बोलायचं कानडी. “तप्पु नंदु,” मी म्हटलं, चूक माझी. मग मी फ्रेट म्हणजे काय ते सांगितलं, मी काय बघितलं आणि काय बघूनही बघितलं नाही ते सांगितलं. गिटार उचलली, उलटी केली आणि म्हटलं, हे बघा. पिठाचे हात लुगड्याला पुसत बायका उठून आल्या.

निंगव्वाने वाकून नीट पाहिलं. प्रत्येक डाग आतल्या बाजूला जास्त उडालेला होता आणि कडा बाहेरच्या बाजूला विरत गेल्या होत्या. “ह्या अक्काच्या मांड्या व्हय? आगं, हे आतलं बारीक होती तवाचं, नि हे भाईरचं पेन्शनीतलं!”

आता गौरक्काही हसल्या. हसता हसता बाजेवर बसल्या आणि हात पुढे केला. मी गिटार दिली. त्यांनी ती लगेच मांडीवर घेतली नाही.

“तू तसं म्हणालीस ना,” त्या म्हणाल्या, “मग मी गाडीत सगळा रस्ता मोजत होते. रोज वाजवली का? पटकीची साथ होती तवा महिना-महिना हात न्हाय लावला. रात्रपाळी असली की न्हाय. भाऊ गेला त्या वर्षी न्हाय. मोजता मोजता घर आलं. मलाच वाटाया लागलं, पोरगी म्हणती ते खरं असंल. आपुन नुसतं म्हणत आलो असू.”

घेणारा नसला तर वस्तू परत घरी नेता येते. मी त्यांच्याकडून त्यांची पंचवीस वर्षं काढून घेतली होती आणि सहा दिवस ती माझ्याकडे, दुकानात, कुठेतरी पडून होती.

त्यांनी कनवटीतून काचेची एक नळी काढली. जुन्या इंजेक्शनची, दवाखान्यातली. पोलाद कुठून आणणार, असं म्हणाल्या. वाकड्या बोटांत ती बसेना, दोनदा निसटली. तिसऱ्यांदा धरली आणि तारेवर ठेवली. कुठल्यातरी वचनाची, म्हणजे कानडी भक्तिगीताची, चाल होती. सूर थोडा खाली लागला, त्यांनी काच पुढे सरकवून तो उचलला. आवाज कसा होता ते मी कितीदा तरी लिहून पाहिलं, जमलं नाही. एवढंच सांगते, आमच्या दुकानातल्या एकाही गिटारला तो नव्हता. बायका पुन्हा शेवयांना लागल्या होत्या. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं.

“आम्ही घेऊ ही,” मी शेवटी म्हटलं. “अप्पा चांगल्या हातात देतील.”

“आता न्हाय द्यायची.”

“पण भाच्याकडे...”

“एक ट्रंक आण म्हणालाय न्हवं? ट्रंक हितंच ठेवते. लुगडी काय, चादरीत बांधली की झालं.” त्यांनी निंगव्वाला हाक मारली. “ट्रंक घेतीस का गं?”

“घेतो की! आधी का न्हाय इचारलं?”

दुपारच्या गाडीने मी रिकाम्या हाताने परतले. खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. गौरक्का हसल्या, त्यांनी मला शेवयांची पुरचुंडी बांधून दिली, पण गाडीत बसून त्यांनी केलेली ती मोजणी? ती झाली ती झालीच. आता कुणी चादरीत गुंडाळलेलं काही काखेत घेऊन दारात उभं राहिलं की माझा अंगठा पुढे होतो आणि मी तो मुठीत दाबून धरते. आधी विचारते, कशी वाजवत होता? बसून दाखवा. लोकांना वाटतं बाई भलतीच चौकस आहे. मुलाकडच्यांनाही तसंच वाटलं असावं. दोघांचंही उत्तर नाही असं आलं, पण ती निराळी गोष्ट.

स्टेशनवरून घरी न जाता मी सरळ दुकानात आले. ऊन उतरत होतं. अप्पा सकाळीच गुंटकलहून परतले होते. मी कुठे गेले होते ते त्यांना आईकडून कळलं होतं.

“कुठली होती गिटार?” त्यांनी विचारलं. “आतला कागद वाचलास?”

गिटारच्या पोटात बनवणाऱ्याच्या नावाचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या धंद्यात आधी तो वाचतात. मी ती गिटार दोनदा हातात घेतली होती आणि एकदाही आत डोकावले नव्हते.

“नाही.”

“दुधनीला जाऊन कागद न्हाय वाचलास? मग बघितलंस काय एवढा वेळ?”

मी सांगितलं. फ्रेटचं सांगितलं, पाठीवरच्या डागांचं सांगितलं. अप्पा ऐकत होते. मध्येच ते उठले आणि भिंतीवरची एक गिटार काढून त्यांनी उलटी केली. पाठ आरशासारखी लखलखत होती. दुसरी काढली, तीही तशीच. तिसरीही. दुकानात आलेल्या प्रत्येक गिटारच्या पाठीवर लाखेच्या पॉलिशचा हात फिरवायचा आणि मगच ती टांगायची, हा अप्पांचाच नियम.

मागच्या खिडकीपाशी नरसय्या मामा पाय पसरून बसले होते. गुंटकलहून आलेली गिटार त्यांनी मांडीवर पालथी घेतली होती आणि हातातला पॉलिशचा बोळा गोल गोल फिरत होता.

“थांब,” अप्पा म्हणाले.

मामांनी वर पाहिलं. “का? निम्मी झाली की.”

अप्पांनी गिटार त्यांच्या मांडीवरून उचलली, दारापाशी नेली आणि अजून पॉलिश न लागलेली निम्मी पाठ उजेडाकडे तिरपी करून बघत उभे राहिले.